दोघं गातात, ऐकतं कोण?

गेल्या अंकात या सदरात मी आंद्रेआ बोचेल्लींच्या 'ड्युएट्स' या अल्बमबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. तो अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोचेल्ली इटलीचे, जन्म १९५८ चा. ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य गायन-नाटकाच्या, तालमीतला गळा घेऊन ते लोकांच्या गाण्यात उतरले आणि मग दोन्हीकडे वावरत राहिले. कारकिर्दीला ३० वर्षं झाली म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात हा अल्बम निघाला. सगळी जोडगाणी आहेत, काही जुनी, काही नव्यानं गायलेली. सोबतीला सेलिन डिऑन, एड शीरन, शनाया ट्वेन, कॅरोल जी अशी वेगवेगळ्या घरची माणसं. मी लिहिलं होतं की यातली काही गाणी मी पुन्हा पुन्हा लावली, आणि काही शेवटपर्यंत ऐकवली नाहीत.

त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर आवाजाचे संदेश आले, एक भाऊ तर मोर्शीच्या बसस्टँडवर मला थांबवून भांडले. कोणाला हा आवाज म्हणजे देवाचं देणं वाटतं, कोणाला ही नुसती गोड पाण्याची बाटली वाटते. एका माणसाच्या गाण्यावर आपल्या खेड्यापाड्यांत इतकं तावातावानं बोललं जातंय याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते.

"आयुष्यभर रेडिओवर खयाल ऐकत आलो. तुमचं वाचून नातवाकडून अल्बम लावून घेतला. पहिली दोन गाणी आवडली, मग कंटाळा आला. प्रत्येक गाणं शेवटी तेच होतं. पुण्याचा पुतण्या म्हणतो, तिकडचे जाणकार यांना ऑपेराचा गायकच मानत नाहीत. ना धड शास्त्रीय, ना धड सिनेमाचं. मग तुम्ही इतकं कौतुक का केलं?"
— निवृत्त मुख्याध्यापक, वरुड

सर, पुतण्याचं म्हणणं निराधार नाही. ते नीट समजून घेऊ, मग मी का वेगळं म्हणते ते सांगते.

ऑपेरा मुळात माईकशिवाय गायचा असतो. समोर साठ-सत्तर वाद्यांचा ताफा, वर गॅलरीत बसलेला शेवटचा माणूस, आणि त्याच्यापर्यंत फक्त गळ्यानं पोचायचं. हे नुसत्या जोरानं होत नाही. वाद्यवृंदाचा सगळ्यात मोठा आवाज साधारण ५०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) आसपास असतो. कसलेला गायक घशाची ठेवण अशी करतो की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार तयार होते. त्या जागी वाद्यं विरळ असतात, म्हणून ती धार त्यांच्यातून पार निघून जाते. पोळ्याच्या दिवशी गावात किती हलकल्लोळ असतो, तरी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ वेगळी ऐकू येते ना, तसं. ऑपेराचे रसिक आधी ही धार तपासतात. १९९९ साली अमेरिकेत डेट्रॉइटला बोचेल्लींनी रंगमंचावर पूर्ण ऑपेरा केला, तेव्हा तिथल्या समीक्षकांनी हेच धरलं, की आवाज थिएटर भरत नाही. ती टीका मला खरी वाटते.

पण सर, तुम्ही त्यांना थिएटरात ऐकलंच नाही. वरुडला घरी बसून, नातवाच्या फोनवर ऐकलंत. तिथं माईक तोंडापासून वीतभर अंतरावर होता. माईक जवळ असला की गायकाला हळू बोलता येतं, श्वास ऐकू देता येतो, शब्द ओठांवर ठेवता येतो. ही वेगळी विद्या आहे आणि तिचाही रियाज असतो. घागरीला रांजणाच्या मापानं मोजायचं नाही. रेकॉर्डचं गाणं रेकॉर्डच्या मापानं मोजू, आणि तसं मोजूनही मला या अल्बममध्ये दोष दिसतो. तो तुम्हीच पकडला आहे, 'प्रत्येक गाणं शेवटी तेच होतं.'

माझे वडील भजनात पेटी वाजवायचे. मागून धरणाऱ्यांना ते एकच गोष्ट सांगायचे, बुवाचा शेवटचा शब्द कानात पडू द्या, मग तोंड उघडा. दोघांनी मिळून गायचं म्हणजे दोघांपैकी एकानं सतत ऐकत असायचं. कधी हा ऐकतो, कधी ती ऐकते. ज्या गाण्यात दोघंही फक्त गातात आणि ऐकत कोणीच नाही, तिथं दोन चांगले आवाज असूनही गाणं उभं राहत नाही. या अल्बममधल्या पुष्कळ गाण्यांत असंच होतं. पहिलं कडवं एकाचं, दुसरं दुसऱ्याचं, मग व्हायोलिनं फुगतात आणि दोघं एकाच डोंगराच्या टोकावर चढून उभे राहतात. वर गेल्यावर एकमेकांकडे पाहत नाहीत. तुम्हाला कंटाळा आला तो या डोंगराचा. तुमचा कान बरोबर आहे, त्याचा दोष गायक कोणत्या प्रकारचा आहे यावर मात्र टाकू नका.

आता ती गाणी ऐका जिथं ते ऐकतात. एड शीरन हा इंग्लंडचा तरुण, गिटार घेऊन साधं गाणारा. त्याच्या २०१७ च्या 'परफेक्ट' या गाण्याला बोचेल्ली इटालियनमध्ये उत्तर देतात, आणि शेवटाकडे तो पोरगाही इटालियन बोलायला लागतो. त्याचा आवाज बारीक आहे, प्रशिक्षण वेगळं आहे. मोठ्या गळ्याच्या माणसानं मनात आणलं असतं तर त्याला एका ओळीत झाकून टाकलं असतं. बोचेल्ली तसं करत नाहीत. आवाज आवरून घेतात, त्याच्या चालीनं चालतात. मोठ्यानं लहानाचं बोट धरलं की पावलं लहान टाकावी लागतात, तेवढंच. याच्यासाठी मी कौतुक केलं, सर, आणि पुन्हा करीन.

"बाई, तुमी आमच्याच मातीतल्या. आमच्या मंडळाचे पोट्टे खंजिरी सोडून डीजेच्या मांगं धावून राह्यले. त्यायच्याबद्दल लिहाचं सोडून त्या इटलीतल्या मानसाले तुमी अर्धं पान काहून देता? आपल्याले काय घेनं देनं?"
— भजन मंडळाचे एक सेवक, तिवसा तालुका

भाऊ, तुमचा राग मला लागला आणि तो लागायलाच पाहिजे होता. खंजिरीवर मी कमी लिहिलं आहे. पुढचा अंक तिच्यासाठीच ठेवते, तुमच्या मंडळानं मला येऊ दिलं तर प्रत्यक्ष बसून ऐकून लिहीन.

पण 'आपल्याले काय घेनं देनं' हे मात्र मला मान्य नाही. तुमचं गाव गुरुकुंज मोझरीच्या तालुक्यातलं, जिथं तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे. तुकडोजी महाराजांनी हीच खंजिरी हातात घेऊन मराठीत भजनं केली, हिंदीत केली, आणि १९५५ साली जपानमधल्या विश्वधर्म परिषदेला गेले. यावलीच्या पोरानं ज्या लोकांना आपली भाषा ठाऊक नाही अशांसमोर जाऊन उभं राहायचं, याला मी हिंमत म्हणते. एकीकडचा सूर दुसरीकडे नेणारी माणसं आपल्याकडेही झाली, आणि आपल्या अगदी अंगणात झाली.

आणि बोचेल्ली तुम्हाला वाटतात तितके परके नाहीत. लायातिको नावाच्या डोंगरावरच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी वाढले. घरी द्राक्षाची दारू करायचे आणि शेतीची यंत्रं विकायचे. त्या गावाबाहेर टेकड्यांच्या कुशीत उघड्यावर एक रंगमंच आहे, २००६ पासून. त्याचं नाव शांततेचं थिएटर, कारण वर्षभर तिथं काहीच होत नाही, गवत आणि वारा. फक्त उन्हाळ्यात, जुलैच्या सुमाराला, गाणं होतं आणि त्यांच्या त्या खेड्यात जग येऊन बसतं. मला हे वाचलं तेव्हा तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची मोझरीची मौन श्रद्धांजली आठवली. ४ वाजून ५८ मिनिटं झाली की लाखो माणसं जिथल्या तिथं उभी राहतात, पाखरं ऐकू येतात, आणि मग प्रार्थना सुरू होते. त्या मौनानंतरचा पहिला सूर कसा लागतो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. तुमच्या पोट्ट्यायले डीजे पाह्यजे, कारण डीजेच्या आधी आणि नंतर शांतता नसते, ऐकायची जबाबदारीच नसते. त्यांना एकदा मौनात आणा. खंजिरीकडे ते परत येतात की नाही ते आपण दोघं मिळून पाहू.

"मला एक शब्द कळत नाही. तरी एका गाण्याला डोळ्यांत पाणी आलं. नवरा म्हणतो, न समजता रडणं म्हणजे नाटक. हे चूक आहे का?"
— गृहिणी, आर्वी

नाही, ताई. दिवाळीनंतर आमच्या मळ्यात आंबिया बहराच्या संत्र्यांची तोड चालू होती. पुतण्यानं झाडाला स्पीकर अडकवला आणि हाच अल्बम लावला. संत्री निवडणाऱ्या बायांपैकी एकीनं विचारलं, "हा मानूस रडून राह्यला का देवाले बलावून राह्यला?" माझ्याकडे याच्याहून चांगली समीक्षा नाही. तिला भाषा येत नव्हती आणि गाणं बरोबर कळलं होतं.

मात्र कधी तरी अर्थही विचारा, कारण तो तुम्हाला आणखी देईल. बोचेल्लींचं सगळ्यात गाजलेलं गाणं, 'कोन ते पार्तिरो', घ्या. १९९५ साली त्यांनी ते एकट्यानं गायलं. पुढच्या वर्षी सारा ब्राइटमन या इंग्लिश गायिकेसोबत ते पुन्हा गायलं आणि ती जोडी जगभर पोचली. इंग्लिशमधली ओळ म्हणते, निरोपाची वेळ झाली. मूळ इटालियन म्हणतं, मी तुझ्यासोबत निघेन. एकाच चालीत एक जण निरोप घेतो आणि दुसरा सोबत निघतो. हे कळल्यावर मला ते गाणं आधीपेक्षा जास्त रडवतं. घरच्यांना हे वाचून दाखवा.

"माझा मुलगा दहा वर्षांचा. जन्मापासून दिसत नाही. मोठ्या भावाच्या मोबाईलवर बोचेल्ली ऐकतो, पेटीवर सूर शोधतो. परवा घरी आलेले पाहुणे म्हणाले, 'तो आंधळा आहे म्हणून जगानं त्याला डोक्यावर घेतलं, नाही तर कोण विचारतो.' पोरगा दोन दिवस बोलला नाही. त्याला काय सांगू?"
— एक आई, दर्यापूर

ताई, तुमचं पत्र मी रात्री वाचलं आणि झोप आली नाही. त्याला जे सांगायचं ते खरं सांगा, गोड करून सांगू नका. पोरांना गोड केलेलं लगेच कळतं.

त्याला सांगा की बोचेल्लींना जन्मापासून काचबिंदू होता. थोडं दिसायचं. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना लागलं आणि तेही गेलं. पुढे पिसाच्या विद्यापीठात कायदा शिकले, काही काळ वकिली केली, रात्री बारमध्ये बसून पियानो वाजवत गायचे. तिशी ओलांडेपर्यंत त्यांना गावाबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं.

आणि मग ही गोष्ट सांगा, कारण तुमच्या पाहुण्यांना हेच उत्तर आहे. १९९२ साली झुकेरो नावाच्या इटालियन गायकाला लुचानो पाव्हारोत्ती, म्हणजे त्या काळचा सगळ्यात मोठा टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक), आपल्या एका गाण्यात हवा होता. पाव्हारोत्तींना गाणं कसं आहे ते कळावं म्हणून नमुन्याची टेप करायची होती. त्या टेपवर पाव्हारोत्तींच्या जागी बोचेल्ली गायले. पाव्हारोत्तींनी टेप ऐकली आणि विचारणा केली की हा आवाज असताना मी कशाला? ताई, टेपमध्ये डोळे दिसत नाहीत. ऐकणाऱ्याला गाणारा कोण, कसा, काहीच ठाऊक नव्हतं. कानापर्यंत फक्त सूर पोचला होता.

दुसरंही सांगा. वर मी डेट्रॉइटच्या टीकेबद्दल लिहिलं आहे. जगानं दयेपोटी डोक्यावर घेतलं असतं तर जाणकारांनी इतकं कडक लिहिलं नसतं. त्यांनी गायकाला गायक म्हणून तोललं आणि कमी पडला तिथं कमी पडला म्हटलं. तो मान आहे. तुमच्या मुलालाही असा मान मिळाला पाहिजे, म्हणजे त्याला असा गुरू शोधा जो चुकलं की चुकलं म्हणेल. 'दिसत नाही बिचाऱ्याला, तरी किती छान' असं म्हणणाऱ्यांपासून त्याला लांब ठेवा. मी शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यात दोन मुलं अशी होती. एकाला सगळे नुसते वाहवा करत, तो तिथंच राहिला. दुसरीला मी रडवलं, आणि आज ती स्वतः शिकवते. पहिल्याच्या बाबतीत मीही त्या वाहवा करणाऱ्यांत होते. ती चूक मला अजून सलते.

एक कामाची गोष्ट. लुई ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. १८२९ साली त्यांनी पॅरिसमध्ये आपली लिपी पहिल्यांदा छापली, तेव्हा अक्षरांसोबत संगीत लिहायची रीतही त्याच पुस्तकात दिली होती. बोटांनी वाचायची लिपी जन्मली तेव्हापासून तिच्यात सूर आहेत. मुलगा ब्रेल शिकत असेल तर त्याच्या शिक्षकांना याबद्दल विचारा. तोपर्यंत पेटीच्या काळ्या पट्ट्यांची रचना त्याला बोटांनी पाठ करू द्या, दोन आणि तीन, दोन आणि तीन. सा कुठंही धरला तरी तो हरवणार नाही.

"मी बी.ए.ला संगीत घेतलं आहे. सर खयाल मनापासून शिकवतात. लग्नाच्या सीझनमध्ये मी ऑर्केस्ट्रात गाते, त्या पैशावर खोलीचं भाडं निघतं. सरांना कळलं तेव्हा म्हणाले, गळा वाया जाईल, एक काहीतरी निवड. बोचेल्लींनी दोन्ही केलं ना? पण त्यांच्या नव्या अल्बमबद्दल माझ्या मैत्रिणी म्हणतात की पॉप गाऊन गाऊन आवाज थकला. खरं काय मानू?"
— विद्यार्थिनी, दारव्हा

बेटा, तुझं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण तुझ्याशी मला जास्त बोलायचं आहे.

१९७९ साली मी नागपूरला एक परीक्षा द्यायला गेले होते. बागेश्री राग मांडला. चांगला झाला असं मला आजही वाटतं. परीक्षक पेन खाली ठेवून म्हणाले, गळ्याला भजनाचा वास येतो. मी घरी आले आणि चार वर्षं भजनात गायले नाही. वडील पेटी घेऊन बसायचे, मला हाक मारायचे, मी स्वयंपाकघरात काही तरी काम काढायची. ते गेले तेव्हा मला कळलं की माझ्या आवाजातला जो सरळपणा लोकांना आवडत होता तो त्या भजनातूनच आला होता. मी तो धुऊन काढायला निघाले होते. कोणाच्या सांगण्यावरून आपल्या गळ्यातली एक खोली कुलूप लावून बंद करू नकोस. तुझे सर तळमळीनं सांगतात हे मला दिसतं. त्यांची भीती कशाची आहे ते मी सांगते, कारण ती भीती खोटी नाही.

गळा पॉप गाऊन बिघडत नाही. ओरडून बिघडतो. लग्नाच्या मंडपात तुला तुझाच आवाज ऐकू येत नाही. मागं ढोलक, पॅड, बाजूला वरातीचा डीजे, आणि तुझ्यासमोर मॉनिटरचा स्पीकर नाही. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. दुसरी गोष्ट, मूळ रेकॉर्डच्या पट्टीतच गायचा हट्ट. ती पट्टी ज्या गायिकेची होती तिचा गळा वेगळा. तू तिच्या पट्टीत तीन तास, वर गारठा, धूळ, आणि सकाळी सरांसमोर भैरव. मग आवाज घोगरा होतो आणि दोष गाण्याच्या प्रकाराला लागतो.

म्हणून ऑर्केस्ट्राच्या मालकाला दोन गोष्टी सांग. समोर मॉनिटर पाहिजे, आणि कीबोर्डवाल्यानं पट्टी तुझ्या गळ्याप्रमाणे उतरवली पाहिजे. कीबोर्डवर ते एका बटणाचं काम आहे. नाही म्हणाला तर दुसरा ऑर्केस्ट्रा बघ, चांगल्या गायिका सगळ्यांना पाहिजेत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलूही नकोस. मग खर्जात हळू बस, तार सप्तकाला हात लावू नकोस.

आता बोचेल्लींचा आवाज. मैत्रिणींना जे ऐकू आलं ते मलाही आलं. लांब धरलेल्या सुरात कंप आता रुंद झाला आहे, सूर पूर्वीसारखा एका रेषेत उभा राहत नाही. श्वास लवकर संपतो. अल्बम आला तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. हे वयानं होतं, ऑपेराच गात राहिले असते तरी झालं असतं. उलट ऑपेरात ते जास्त दिसलं असतं. तिथं रचनाकारानं ज्या पट्टीत लिहिलं सहसा त्याच पट्टीत गावं लागतं, वरचा सूर आला की तो लावायचाच. आपल्याकडे गाणारा आपला सा स्वतः ठरवतो. मी विशीत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरून गायची, आज त्याहून खालच्या पांढरी चारमध्ये बसते आणि मला कोणी दोष देत नाही. आपल्या संगीताची ही केवढी माया आहे! म्हातारपणीही ते गायकाला घराबाहेर काढत नाही. बोचेल्लींना ही मोकळीक लोकांच्या गाण्यात मिळाली. या अल्बममध्ये मला ते सगळ्यात चांगले वाटतात ते हळू, खालच्या सुरात. तिथं वय लपवायची धडपड नाही.

कॅरोल जी या कोलंबियाच्या गायिकेबरोबरचं स्पॅनिश गाणं तू नीट ऐक. ओळ म्हणते, मी तिच्यासाठी जगतो. ऐकणाऱ्याला वाटतं प्रेयसी असेल. ती म्हणजे संगीत आहे. हेच गाणं त्यांनी १९९५ पासून इटालियनमध्ये जॉर्जियासोबत, स्पॅनिशमध्ये मार्ता सांचेससोबत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, पोर्तुगीजमध्ये वेगवेगळ्या बायांबरोबर गायलं. दर वेळी सोबत बदलली, भाषा बदलली, आणि गाण्यातली 'ती' तीच राहिली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या गाण्यात सापडतं. सर तुला विचारतात खयाल की ऑर्केस्ट्रा. तू त्यांना नम्रपणे सांग की तुम्ही ज्या एकीसाठी शिकवता तिच्यासाठीच मी दोन्हीकडे जाते.

आणि घराण्याच्या नावानं कोणी घाबरवलं तर आपले वसंतराव देशपांडे आठव. मूर्तिजापूरचे, १९२० चा जन्म. नागपुरात शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, जिथं विद्या दिसली तिथं बसले. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत वर्षानुवर्षं नोकरी केली आणि सोबत खयाल, ठुमरी, नाट्यगीत सगळं गायलं. घराणं कोणतं हे लोक विचारत राहिले. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात त्यांनी खाँसाहेब उभा केला, तेव्हा गावोगावची माणसं त्या एका गळ्यासाठी रात्र रात्र बसली. त्यात तुझ्या माझ्या वऱ्हाडातली कितीतरी होती, माझे वडील होते. परत आल्यावर ते दोन दिवस पेटीला हात न लावता नुसते बसून होते.

तुझ्यासोबत ऑर्केस्ट्रात जो मुलगा जोडगाणी गातो त्याच्याबरोबर एक प्रयोग कर. मंडपात जायच्या आधी, वाद्यांशिवाय, एकमेकांसमोर बसून एक गाणं म्हणा. त्याची ओळ चालू असताना तू पुढच्या ओळीचा विचार करायचा नाही, फक्त त्याचा श्वास ऐकायचा. तो कुठं थांबतो, कुठं शब्द सोडतो. मग तुझी ओळ. दहा दिवस करा. त्यानंतर मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठव, पहिल्या दिवसाचं आणि दहाव्या दिवसाचं. आणि त्यात काळी चारच्या वर जाऊ नकोस, मी ऐकलं की लगेच ओळखीन.